पुलाखालची सावली

प्रिय बेटा,

जळगावातल्या रेल्वे उड्डाणपुलाखालच्या जागेचा तुझा आराखडा पाहिला. हिरवळ आधी खोडून टाक. तिथे ना ऊन पोचतं ना पाऊस. दोन महिन्यांत माती आणि गुटख्याच्या पुड्या उरतील.

त्या जागेची खरी दौलत सावली. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना दुपारी 12, 2 आणि 4 ला जा आणि सावलीची कड खडूने आख. चारचं ऊन पश्चिमेकडून तिरपं आत शिरतं. तू बाकं नेमकी तिथेच मांडलीस! ती आत सरकव आणि पश्चिमेला, पुलाच्या कडेपासून 3 मीटर सोडून, कडुनिंब लाव. खड्डा 1 मीटर लांब, रुंद, खोल.

झाडांना पाणी पूलच देईल. पुलाच्या दोन खांबांमधला 30 मीटर लांब, 8 मीटर रुंद गाळा म्हणजे 240 चौरस मीटर. 25 मिलिमीटरची एक सर आली की 6,000 लिटर. गळती-बाष्प धरून 4,800 तरी हाती. आज हे पाणी पन्हाळींतून लोकांच्या डोक्यावर पडतं. खांबालगत पाइप उतरव, पण खांबाला भोक पाडून नको, लोखंडी पट्ट्याने आवळ. खाली गाळाची टाकी, पुढे 1:100 उताराची उघडी चारी. धुळ्याकडे पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांत, पाटाचं पाणी उतारानेच शेतोशेत जातं, पंप लागत नाही, तोच हिशोब. हे पाणी बोअरमध्ये मात्र सोडू नको, त्यात ऑइल आणि टायरची भुकटी असते. जादा पाणी गटारीला.

आता जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ठोकलेले पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसानंतर खालीवर होतात आणि दोष कंत्राटदाराला जातो. 45 ते 60 सेंटिमीटर माती काढ, मुरूम 15-15 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाब, वर 30 मिलिमीटर वाळू. पायी चालायला 60 मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात, गाड्या येणार असतील तर 80 चे घे. कडेला कर्ब, म्हणजे काठाचे दगड, हवेतच, नाहीतर वाळू सरकते आणि ब्लॉक सुटतात. चारीचा तळही पक्का कर. पाणी ब्लॉकांखाली मुरलं तर सगळी मेहनत पाण्यात.

बसायच्या ओट्याची उंची 45 सेंटिमीटर. काही ओट्यांना हात दे, म्हाताऱ्या माणसांना उठताना धरायला.

वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवायला लावलेल्या छोट्या खांबांमधलं अंतर व्हीलचेअर जाईल असं, 1.2 मीटर ठेवलंस, योग्य. मोटारसायकली त्यातून शिरणारच. भांडत बसू नको, टोकाचा एक गाळा त्यांना पार्किंगला देऊन टाक.

बेअरिंग, म्हणजे पूल ज्यावर टेकतो त्या खांबावरच्या गाद्या, तपासायला शिडी लागेल एवढी जागा पुलाच्या प्रत्येक खांबाभोवती मोकळी हवी. गॅसची शेगडी पुलाखाली कधीच नको: आगीने काँक्रीट आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात. भरीत-भाकरीच्या गाड्या पुलाबाहेर, कडुनिंबाखाली. मात्र त्यांची जागा तू एकट्याने ठरवू नको. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे लागतात. त्यांच्यापुढे नकाशा ठेव. आणि रुळांवरच्या भागाला हात लावण्याआधी रेल्वेची परवानगी.

पाणपोईचे रांजण छान काढलेस. ते भरणार कोण, ते अंदाजपत्रकात लिही.

पुढच्या वेळी सावलीच्या तीन रेषा आणि पन्हाळींच्या जागा तेवढ्या दाखव. रंग नंतर बघू.

तुझा,
सर