होल्बाइनचा गुलाबी कागद

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परदेशी ऑर्डरी घेतल्या की हात बिघडतो का, असं विचारलंस. हात बदलतो, हे धरूनच चल.

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन बघ. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात चर्चच्या वेदीमागची चित्रं, भित्तिचित्रं, पुस्तकांची सजावट, पडेल ते करायचा. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या धामधुमीत चर्चमध्ये चित्रं नकोशी झाली आणि ती कामं आटली. १५२६ मध्ये विद्वान इरॅस्मसची शिफारस घेऊन तो लंडनला, इरॅस्मसचा मित्र आणि लेखक-मुत्सद्दी थॉमस मोरकडे गेला, दोन वर्षांनी परतला आणि १५३२ मध्ये पुन्हा गेला.

दोन्ही मुक्कामांतली रेखाटनं शेजारी ठेव. पहिल्या खेपेला कोरा कागद, चेहरा रंगीत खडूंनी सावकाश घडवलेला. दुसऱ्या खेपेला कागदावर आधीच फिकट गुलाबी थर. त्वचेचा रंग आयताच मिळाला! मग पापणीची कड, ओठांची फट तेवढी पक्की करायची आणि कापड कुठलं, रंग कुठला हे चित्रावरच जर्मनमध्ये टिपून मोकळं व्हायचं. दरबारी गिऱ्हाईक, त्यांना बसायला वेळ कुठला? पण या घाईतूनच त्याची रेघ धारदार झाली.

१५३२ मधलं गेऑर्ग गिसे या लंडनवासी जर्मन व्यापाऱ्याचं चित्र घे. पत्रं, मोहरा, तराजू, काचेच्या भांड्यात पाण्यासकट कार्नेशनची फुलं. मला तर ती नव्या गावात लावलेली जाहिरातच वाटते. १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी वधू बघायला म्हणून डेन्मार्कची राजकन्या क्रिस्तिना हिचं चित्र करायचं होतं. ब्रुसेल्सला तिनं जेमतेम तीन तास दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चित्रात काळा झगा, चेहरा, हात आणि मागं सपाट निळसर भिंत. बस्स.

दरबारानं त्याला सपाट केलं, असं म्हणतात. खुद्द राजाच्या चित्रापुरतं ते मलाही पटतं. तिथं जरीचे कपडे आणि दागिनेच जास्त बोलतात. शिवाय बाझेलमध्ये मृत ख्रिस्ताचं ते आडवं, अंगावर येणारं चित्र काढणारा होल्बाइन लंडनमध्ये पुन्हा भेटत नाही, ही हळहळ आहेच. तसली कामं सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

तुला फोटोवरून पोर्ट्रेट करायला सांगतील. कर, पण अर्धा तास तरी माणूस समोर बसवून घे आणि तेवढ्यात रेखाटन उरक. निम्मे पैसे आगाऊ माग, त्यात संकोच नको. लंडनला थांबलीस तर नॅशनल गॅलरीत क्रिस्तिना गाठ. प्रवेश फुकट आहे. आधी तिचे हात बघ, चेहरा नंतर.