पाठीला पोक आल्यामुळे खांदा आखडतो का?

दिवसभर वाकून बसल्यानं खांदा आखडला का आणि पाठ सरळ ठेवली तर तो सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. माझा उजवा खांदा दीड वर्ष आखडला होता. मंगळवार पेठेत मी ब्लाऊज शिवते, मान खाली घालून बसणं हाच धंदा. म्हणून मलाही असंच वाटायचं.

सुरुवात रात्रीच्या दुखण्यानं झाली. कूस बदलली की जाग यायची. मग मागचा हुक लागेना, वेणी घालता येईना. अंबाबाईच्या देवळात घंटेपर्यंत हात पोचेना, तेव्हा रडूच आलं. ओळखीच्या एकानं हात ओढून, चोळून दिला आणि पुढचा आठवडा झोप नाही. दुखणं भरात असताना असं कुणाला ओढू देऊ नका, कळकळीनं सांगते.

फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या या दुखण्यात, सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. ते पोक काढून बसल्यानं होतं असं नाही. चाळिशी ते साठीत, बायकांत, मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत हे जास्त दिसतं. माझी वाढलेली साखर याच निमित्तानं कळली. तुम्ही तपासली नसेल तर तपासून घ्या.

पण पाठीचा संबंध आहेच. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला स्टुलावर पोक काढून बसवलं आणि चांगला, डावा हात वर करायला लावला. तोही कानापर्यंत जाईना! पाठ ताठ केली आणि सरळ वर गेला. आत्ता करून बघा. हात वर जातो त्यातले साधारण दोन वाटे खांद्याच्या सांध्याचे, एक वाटा पाठीवरच्या फऱ्याचा, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचा, आणि शेवटी छातीमागचा कणाही जरा मागे जातो. पोक असलं की फरा पुढे कलून अडतो. सांधा आधीच धरलेला, त्यात फराही अडला, म्हणजे उरलीसुरली हालचालही जाते.

उलटही होतं. दुखतो म्हणून आपण हात पोटाशी धरतो, खांदा उचलून वेळ मारून नेतो आणि मान भरून येते. मी तर कित्येक महिने मानेचा पट्टा घालून फिरले.

दुखणं खांद्याच्या सांध्याचं की मानेचं, याचा अंदाज घ्यायला कोपर कुशीला चिकटवून काटकोनात धरा आणि दुसऱ्याला हात हळूच बाहेर वळवायला सांगा. तरीही अडला तर खांद्याच्या सांध्याचाच संशय घ्या. बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर डॉक्टरांना मानही दाखवा.

मी मशीनचं टेबल उंच करून घेतलं. अर्ध्या तासानं उठायचं, खुर्चीच्या पाठीवर रेलून छाती मागे न्यायची, पुढे वाकून हात लोंबता सोडून झोका द्यायचा. झोपताना हाताखाली उशी. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं, त्यानं रात्रीची झोप परत आली; साखर मात्र काही दिवस चढली, त्यावर लक्ष ठेवावं लागलं. आता हुक लागतो. पाठीमागे हात अजून डाव्याइतका वर जात नाही, व्यायाम चालू आहे.