अ‍ॅक्सिऑन ‘ऐकतात’ म्हणजे काय करतात?

प्रश्न : अ‍ॅक्सिऑन हा कृष्णद्रव्याचा, म्हणजे विश्वातल्या अदृश्य द्रव्याचा, कल्पित कण दिसत नाही, कशावर आदळत नाही. मग कृष्णद्रव्य शोधणारे तो ‘ऐकतात’ म्हणजे नेमकं काय करतात? चाळीस वर्षांत काहीच ऐकू आलं नाही, तर शोध फसला असं का म्हणू नये?

उत्तर : ‘ऐकणं’ हा शब्द इथे जवळपास शब्दशः खरा आहे. प्रखर चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचा फोटॉन (प्रकाशाचा कण) होऊ शकतो, तो पकडा, असं भौतिकशास्त्रज्ञ पिएर सिकिवी यांनी 1983 साली सुचवलं. अ‍ॅक्सिऑनचं वस्तुमान काही मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं अगदी छोटं एकक) असेल, तर हा फोटॉन रेडिओलहरींत मोडतो. म्हणून चुंबकाच्या पोटात तांब्याचा मुलामा दिलेलं पोकळ नळकांडं ठेवतात आणि रेडिओचा काटा फिरवावा तशी ते ज्या वारंवारतेला घुमतं ती बदलत जातात; ती फोटॉनच्या वारंवारतेशी जुळली, तरच संकेत उठून दिसतो. वस्तुमान ठाऊक नसल्यानं स्टेशन कुठे लागेल हेही ठाऊक नाही.

हे जुळवणं फार नाजूक. मायक्रोवेव्हच्या अशा पोकळ्यांवर मी बरीच वर्षं काम केलंय. झाकणाचा एक स्क्रू पाव फेरा आवळला, की पडद्यावरचा अनुनादाचा, म्हणजे घुमण्याचा, सुळका सरकलाच! सिअ‍ॅटलच्या एडीएमएक्स प्रयोगात पोकळीतल्या तांब्याच्या दांड्या कणाकणानं फिरवतात, प्रत्येक ठिकाणी थांबून ऐकतात. अपेक्षित संकेत असतो साधारण 10⁻²³ वॅट, म्हणजे 650 मेगाहर्ट्झला सेकंदाला वीसेक फोटॉन. यंत्राची स्वतःची खरखर त्याच्या शेकडो पट. त्यासाठीच सगळं निरपेक्ष शून्याच्या एखाद्या अंशाहूनही जवळ थंड करायचं आणि सरासरी काढत बसायचं.

आता तुमची चाळीस वर्षं. त्यांतला बराच काळ कान पुरेसे तीक्ष्णच नव्हते. अ‍ॅक्सिऑनच्या प्रचलित प्रारूपांपैकी क्षीण संकेताचं जे प्रारूप आहे, तिथवर एडीएमएक्स पोचला 2018 साली, तोही 2.66 ते 2.81 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्याच पट्ट्यात. तिथे अ‍ॅक्सिऑन सापडला नाही, आणि ते उत्तर मला मोलाचं वाटतं. बाकीचा प्रचंड पट्टा उरलाय. वारंवारता वाढली की पोकळी आकसते, संकेत आणखी मरतो. त्यामुळे तिकडे हॅम्बुर्गला जुळणाऱ्या मॅडमॅक्ससारख्या, चकत्यांच्या चळतीवर चालणाऱ्या यंत्रांची गरज आहे.

आणि एखादा सुळका खरंच दिसला तर? आधी चुंबकाचं क्षेत्र उतरवून पाहतात. तरीही तो जागचा हलला नाही, तर बाहेरचा रेडिओ आत शिरलाय. क्षेत्राबरोबर तोही मावळला, तर मात्र त्या खोलीत कुणालाच झोप लागणार नाही.