विमानाच्या पत्र्याला रिव्हेटच्या रांगेतच तडे का जातात?

आपण विचारले आहे की विमानाच्या पत्र्याला तडे रिव्हेटच्या छिद्रापाशीच का जातात, आणि विमान किती झिजले हे उड्डाणाच्या तासांवरून ठरवावे की उड्डाणांच्या संख्येवरून. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो : प्रवासी विमानाच्या धडापुरते बोलायचे तर संख्येवरून. प्रत्येक उड्डाणात केबिन एकदा फुगते आणि एकदा सैल पडते. उंचावर आतबाहेरच्या हवेच्या दाबातला फरक पत्र्याच्या दर चौरस मीटरवर साडेपाच टनांच्या घरात जातो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ज्या बोइंग ७३७ चे छत उडाले, त्याची उड्डाणे ८९,६८० झाली होती आणि तास जेमतेम ३५,५००. म्हणजे एक फेरी सरासरी चोवीस मिनिटांची.

आता छिद्राकडे वळू. ताणलेल्या पत्र्यात गोल छिद्र असेल तर त्याच्या कडेवरचा ताण आसपासच्या सुमारे तिप्पट होतो, आणि रिव्हेटची दांडी त्याच कडेवर रेटत असते, ही भर वेगळीच. एकावर एक ठेवून जोडलेल्या पत्र्यांत ओढ एका रेषेत नसल्यामुळे दाब चढला की जोड किंचित वाकतो. बाहेरच्या पत्र्यात या वाकण्याचा सर्वांत मोठा ताण त्याच्या मोकळ्या कडेपासून सर्वांत दूरच्या रांगेत आणि तोही आतल्या, झाकलेल्या बाजूवर येतो. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी समतल बसावे म्हणून छिद्राचे तोंड उतरते कापलेले असते. अलोहाच्या विमानात हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्याने छिद्राची आतली कड सुरीच्या पात्यासारखी धारदार उरली होती. त्यातच दोन पत्र्यांमधला चिकटपदार्थ सुटला आणि जो भार त्याने वाहायचा तो रिव्हेटवर आला.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. एकच लांब तडा गेला तर आतल्या आडव्या पट्ट्या त्याला वळवतील आणि पत्रा एका जागी झडपेसारखा उघडून दाब निघून जाईल, असा रचनेमागचा हिशेब होता. परंतु एकाच रांगेतल्या अनेक शेजारी छिद्रांवर सारखाच भार असल्याने तिथले बारीक तडे जवळजवळ एकाच वेळी वाढतात. त्यांपैकी एकटा कोणताही भीतिदायक नसतो, पण ते जुळले की वळवायला काही शिल्लक राहत नाही. अलोहाच्या विमानात छताचा साडेपाच मीटरांहून लांब भाग एका झटक्यात गेला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. एका प्रवासी महिलेला विमानात चढतानाच दाराजवळ रिव्हेटच्या रांगेत तडा दिसला होता. तिने तो कोणाला सांगितला नाही.

रिव्हेटच्या डोक्यामागे वाऱ्याच्या दिशेने काळपट ओघळ दिसला तर रिव्हेट ढिला होऊन पत्र्याशी घासत आहे असे समजावे. तो घासलेला ॲल्युमिनियमचा काळा भुगा असतो. ओघळ नसला म्हणून मात्र मी जोड निर्दोष मानणार नाही, कारण तडा आतल्या बाजूने सुरू होतो आणि रिव्हेटच्या डोक्याखाली असेपर्यंत डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एडी करंटचा प्रोब, म्हणजे पत्र्यात विजेचे भोवरी प्रवाह निर्माण करून लपलेला तडा शोधणारे उपकरण, छिद्रामागून छिद्रावर फिरवावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, आणि मन सर्वांत लवकर उडते ते विसाव्या-पंचविसाव्या स्वच्छ रिव्हेटनंतर.