वाचकांचे प्रश्न : मुंबईतलं सेवाशिबिर आणि आधीची पाहणी

प्रश्न : आमच्या मंडळीचा (चर्चचा) युवक संघ मेच्या मध्यावर सहा दिवसांसाठी मुंबईत सेवेला जाणार आहे. मुलं-मुली मिळून 22 जण, वय 16 ते 25. मुक्काम भायखळ्याच्या एका मंडळीच्या हॉलमध्ये. तिथले पाळकसाहेब (पास्टर) फोनवर म्हणाले, "या, सगळी सोय होईल." मग पाहणीला माणसं पाठवून खर्च कशाला, असं आमच्या कमिटीत काहींचं म्हणणं आहे. पाठवायची ठरली तर कोणी जावं, काय पाहावं?
– युवक संघाचे सचिव, राहुरी

उत्तर : जरूर पाठवा. पाळकसाहेबांच्या शब्दावर शंका म्हणून नव्हे. 'सगळी सोय' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर हॉल, पंखे आणि सतरंज्या असतात. तुमची अडचण मात्र पहाटे न्हाणीघराच्या दाराशी सुरू होते. 22 जण, न्हाणीघरं दोन, माणशी सात मिनिटं धरली तरी सव्वा तास उलटतो. आठला निघायचं तर पहिली बादली साडेसहाच्या आत भरायला हवी. मुंबईत बहुतेक ठिकाणी पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, बाकी वेळ टाकीवर भागवतात. म्हणून नुसतं "पाणी आहे ना?" विचारू नका. किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, टाकी किती लिटरची आहे आणि त्याच टाकीवर वॉचमनचं, पाळकांचं घर आहे का, तेही विचारा. आंघोळ, संडास, भांडी मिळून माणशी 60 लिटर धरले तर रोजचे 1,300 लिटर होतात. मे महिन्यात तलावांतला साठा फार उतरला तर पाणीकपातही लागू शकते.

सोबत टेप न्या आणि हॉल मोजा. झोपायला, बॅग ठेवायला आणि मधून चालायला माणशी 25 चौरस फूट लागतात. मुलींची खोली वेगळी हवी, तिला आतून कडी हवी, आणि संडासाकडे जाताना मुलांच्या हॉलमधून जावं लागू नये. याच्यात तडजोड करू नका. जमत नसेल तर मुलींची सोय मंडळीतल्या घरांत करा. मे म्हणजे लग्नसराई, तेव्हा हॉलचं बुकिंगचं रजिस्टर स्वतः पाहा. मधल्याच एखाद्या संध्याकाळी रिसेप्शन असेल तर 22 बॅगा कुठे हलवणार? फोनवर हे कळत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी पाळकसाहेबांनी होकार दिलेला असतो आणि रजिस्टर सेक्रेटरीच्या कपाटात असतं.

पाहणीला तिघं पुरेत : युवक संघाचा लीडर, मुलींबरोबर शिबिरभर राहणार असलेली बाई, आणि पैसे व स्वयंपाक सांभाळणारा एक जण. जी माणसं प्रत्यक्ष शिबिरात नसतील त्यांना पाठवून उपयोग नाही. गुरुवारी रात्री पोहोचा, रविवारी उपासना करून परता. त्यात कामाचा दिवस, शनिवार आणि रविवार असे तिन्ही प्रकार पाहून होतात. रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका अर्जावर सहाच प्रवासी बसतात. मोठ्या गटासाठी स्टेशनवर आधी लेखी अर्ज द्यावा लागतो. म्हणून पाहणी फेब्रुवारीअखेर उरका. एसटी हवी असेल तर आगारात 'प्रासंगिक करारा'ची, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेण्याची, चौकशी करा, पण मुंबईत गाडी उभी कुठे करायची ते तिथल्या वॉचमनला विचारून मगच ठरवा.

आता खरं महत्त्वाचं. पुष्कळ गट मनात कार्यक्रम ठरवूनच जातात आणि पाहणीत फक्त जागा शोधतात. ते उलटं आहे. यजमान मंडळीच्या संडे स्कूलच्या शिक्षकांबरोबर, महिला संघाबरोबर आणि त्यांच्या तरुणांबरोबर प्रत्येकी तासभर बसा. पहिला प्रश्न हाच ठेवा : "मे महिन्यात तुमचं काय चाललेलं असतं आणि माणसं कुठे कमी पडतात?" अनेक मंडळ्या त्या दिवसांत सुट्टीतली बायबल शाळा चालवतात. नावनोंदणी, हस्तकला, खाऊ, लहानग्यांना शू-शीला नेणं, याला हात कधीच पुरत नाहीत. तिथे तुमचे 12 जण दिले तरी मोठं काम होईल. एक लक्षात ठेवा : शहरातल्या मराठी मंडळ्यांतली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी छान बोलतात, देवनागरी वाचताना अडखळतात. पाठांतराची वचनं फळ्यावर लिहून भागत नाही, तोंडी शिकवावी लागतात.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम मुंबईत 1813 मध्ये आणि नगरला (आताच्या अहिल्यानगरला) 1831 मध्ये सुरू झालं. त्यामुळे भायखळ्यात तुमच्याच नगर जिल्ह्यातून आलेली घरं भेटण्याचा संभव मोठा आहे. उपासनेनंतर त्यांची चौकशी जरूर करा.

परतल्यावर कार्यक्रमाला कात्री लावा. सकाळी एक काम, संध्याकाळी एक, बस. 22 जणांना एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं म्हणजे मोजणी, तिकीट, चुकलेला एखादा आणि लघवीचा थांबा धरून दीड तास जातोच.

प्रश्न : लोकलची सवय नसलेल्या मुलींना घेऊन प्रवास कसा करावा? पाहणीत त्यासाठी काय करून ठेवावं?
– महिला संघ, श्रीरामपूर

उत्तर : ज्या दिवशी, ज्या वेळी गट जाणार त्याच वेळी तो रस्ता एकदा पार करा. रविवारच्या पाहणीवर वेळापत्रक बांधू नका. रविवारी गर्दी कमी असते आणि दुरुस्तीसाठी बहुधा मेगाब्लॉक असतो. म्हणजे सोमवारचा अंदाजही चुकतो आणि रविवारचा कार्यक्रमही. सकाळी साधारण आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणं टाळा. भायखळ्याहून सकाळी कल्याणच्या दिशेला निघालात तर गर्दीच्या उलट जाता, हे कामाची जागा निवडतानाच पाहा.

लोकल स्टेशनात अर्धा मिनिटही थांबत नाही. 22 जण एका दारातून चढायला गेले की निम्मे खालीच राहतात. पाच-सहा जणांच्या टोळ्या करा, प्रत्येकीला एक म्होरक्या. मुली महिलांच्या डब्यात, बरोबर एक मोठी बाई. मागे राहिलेल्याने पुढची गाडी धरायची, उतरलेल्यांनी फलाटावरच्या ठरलेल्या इंडिकेटरखाली (गाडीची वेळ दाखवणाऱ्या पाटीखाली) थांबायचं, परत फिरायचं नाही. तो इंडिकेटर पाहणीतच निवडा आणि त्याचा फोटो काढून गटाला दाखवा. दादरला विशेष जपा : डिसेंबर 2023 पासून पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत, मध्य रेल्वेचे 8 पासून पुढे. जुने मुंबईकर सवयीने जुना नंबर सांगतात आणि नवखा माणूस भलत्याच फलाटावर जातो.

प्रश्न : परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाटावं, प्रार्थना करावी, पत्रिका (धर्मप्रचाराची पत्रकं) द्याव्यात असा विचार आहे. पाहणीत कोणाला भेटावं?
– एक वाचक, जालना

उत्तर : आधी हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा आणि काय हवं ते विचारा. जेवण देणारे दाते पुष्कळ असतात, त्यामुळे एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणांहून खिचडी येते आणि वाया जाते. शिवाय केमोथेरपी चाललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते. कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, उघडं सरबत त्याच्यापर्यंत गेलं तर अपाय होतो. आमचं मत विचाराल तर जेवणापेक्षा रक्त द्या. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं, मागच्या रक्तदानाला पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 120 दिवस उलटू द्यावेत. उपाशीपोटी जाऊ नये. किती जण या अटींत बसतात ते गावातच पाहून घ्या आणि रक्तपेढीकडून तारीख मागून घ्या.

पत्रिका आणि मदत एका हाताने देऊ नका. आजारी, अडलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे अशी वेळच आणू नये. कोणी आपणहून प्रार्थना मागितली तर शांतपणे, हळू आवाजात करा. रस्त्यावर गाण्यांचा कार्यक्रम करायचा असेल तर स्थानिक पोलिस ठाण्याची लेखी परवानगी घ्या. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि हॉस्पिटल, शाळा, न्यायालयाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही नको.

प्रश्न : बालगृहाला भेट देणार आहोत. मंडळीला दाखवायला फोटो काढले तर चालतील का?
– युवक संघ, मिरज

उत्तर : मुलांचे नाहीत. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही; चेहरा, नाव, शाळा काहीही नको. पाहणीतच अधीक्षकांकडून नियम लिहून घ्या आणि आत जाताना सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा करा. कोणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही, हे आधी सांगून ठेवा. तुमच्या गटातल्या 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र घ्या. त्यावर रक्तगट, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का आणि दोन फोन नंबर असू द्या. त्याची एक प्रत लीडरच्या पिशवीत, एक यजमान मंडळीकडे.