हिवाळ्यात पहाटे ग्रुपबरोबर सायकलिंगला गेलो की गारठून मागे पडतो, उन्हाळ्यापर्यंत थांबू का?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझा पहिला हिवाळा आठवला. तुम्ही लिहिलंय की नवीन रोड बाईक घेतली, मित्र पहाटे साडेपाचला निघतात, दोन सुती टीशर्ट, स्वेटर आणि वर जाड जॅकेट घालून गेलात तरी अर्ध्या तासात बोटं बधिर, मग कोणाचं तरी पंक्चर झालं म्हणून सगळे थांबले आणि त्यानंतर जी हुडहुडी भरली ती घरी येईपर्यंत गेली नाही. नका थांबू उन्हाळ्यापर्यंत. मी आठ हिवाळे त्याच चार-पाच जणांबरोबर सायकल चालवतेय आणि वर्षातल्या सगळ्यात छान राईड्स मला याच दिवसांत मिळाल्यात, पण सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच कपड्यांच्या मागे लागले होते आणि खरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

ती अशी, की थंडी चालत्या सायकलवर तेवढी बाधत नाही, थांबलेल्या सायकलवर बाधते. हिशोब बघा. तुम्ही पेडलवर १५० वॉट ताकद लावत असाल तर शरीर आतमध्ये साधारण ६०० ते ७०० वॉट जाळत असतं, कारण आपले स्नायू त्यातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात आणि बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे पेडल मारताना तुमच्या अंगात ५०० वॉटचा हीटर चालू असतो. थांबलात की थोड्याच वेळात तो १०० च्या आसपास येतो. आणि त्या वेळी आतले कपडे घामाने भिजलेले असतील तर संपलंच, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तुमचं नेमकं हेच झालंय. कपडे कमी पडले नाहीत, जास्त झाले, त्यात सुती, म्हणजे घाम आला की तो धरून बसणारे.

म्हणून निघताना पहिली १० मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक थर काढून ठेवा, खरंच काढा. अंगाला लागून घाम बाहेर टाकणारं पातळ थर्मल, त्यावर फुल बाह्यांची जर्सी, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी, तेही मुख्यतः छातीवर. हवा अगदी शांत असली आणि थर्मामीटर ५ डिग्री दाखवत असला तरी ३० च्या स्पीडने जाताना उघड्या कातडीला ते जवळपास शून्यासारखं लागतं, आणि हा वारा पूर्ण समोरून येतो, पाठीला त्याचा काही संबंध नसतो. हिवाळी सायकलिंग जॅकेट पुढून वारा अडवणारं आणि मागून पातळ असतं ते यासाठीच. असं जॅकेट नसेल तर जुने रेसर लोक घाट उतरायच्या आधी करायचे तो उपाय करा, जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवा. मी आजही मोठ्या उताराआधी करते, उतारावर पेडल बंद म्हणजे हीटर बंद आणि वारा मात्र दुप्पट, आणि तो कागद तेवढी पंधरा मिनिटं निभावून नेतो. गुडघे झाकलेले ठेवा, तिथे स्नायूंची गादी नसते आणि गार गुडघ्यांनी जोर लावला की ते नंतर दुखतात.

आता बोटं. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा माझा मागचा टायर बसला, अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि दाट धुकं होतं. मी ग्लोव्हज काढले कारण जाड ग्लोव्हजमध्ये व्हॉल्वची टोपी पकडता येत नव्हती. टोपी निघाली, मग टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची छोटी पट्टी, रिमच्या आत घालायला गेले तर बोटं मिटेचनात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात लिव्हर दिसत होता पण तो धरलाय की नाही हे कळत नव्हतं, डोळ्यांनी बघावं लागत होतं. लिव्हर दोनदा निसटला, तिसऱ्यांदा नखाला लागून रक्त आलं आणि मला ते दुखलंसुद्धा नाही. तेव्हा ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणाली, "अगं सोड ते, हात दे इकडे," आणि तिने माझे दोन्ही पंजे घेऊन स्वतःच्या जॅकेटच्या आत काखेत दाबून धरले. तोवर बाकी दोघांनी ट्यूब बदलली. बोटांत रक्त परत यायला लागलं तेव्हाची ती कळ मी कधी विसरणार नाही, डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवसानंतर आमच्या ग्रुपचा नियमच झाला की ज्याचं पंक्चर तो हात लावणार नाही, ज्याचे हात सगळ्यात गरम तो ट्यूब बदलणार, एकजण पंप धरणार, आणि बाकीचे उभे राहणार नाहीत, शे-दोनशे मीटर मागेपुढे हळूहळू सायकल फिरवत राहणार किंवा निदान जागच्या जागी उड्या मारणार. आणि थांबायचं ते रस्त्यापासून बाजूला आणि भिंत किंवा झाडी बघून, मोकळ्या माळावर नाही. पंक्चर झालेल्या जागेपासून थोडं पुढे चालत जाऊन आडोसा मिळत असेल तर चालत जा, त्या दोन मिनिटांत अंगही गरम राहतं. प्रत्येकाच्या मागच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा पातळ विंडचीटर आणि कोरड्या ग्लोव्हजचा एक जोड असतोच. थांबल्यावर थंडी वाजायची वाट न बघता तो लगेच चढवायचा, निघताना परत काढायचा. कंटाळा येतो, पण करा.

बधिर होणं ही सहन करून मिरवायची गोष्ट नाही हेही सांगते. १९८० ची लीएज-बास्तोन-लीएज ही बेल्जियममधली शर्यत बर्फात झाली होती, १७४ जण निघाले आणि फक्त २१ पोचले. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, पण त्याच्या हाताच्या दोन बोटांना त्या दिवशी जे झालं त्याचा त्रास त्याला पुढे कित्येक वर्षं होत राहिला. तो जगातल्या सर्वोत्तम रायडर्सपैकी एक होता. आपण सकाळी मित्रांबरोबर मजेसाठी जातो. बोटं पांढरीफटक पडत असतील, विशेषतः दर वेळी तीच दोन-तीन बोटं, तर डॉक्टरांना दाखवा, तो रेनॉड नावाचा त्रास असू शकतो आणि त्याला जाड ग्लोव्हज हा पूर्ण इलाज नाही. दम्याचा त्रास असेल तर थंड कोरड्या हवेत जोर लावल्यावर छाती आवळते, तेव्हा दम्याचा पंप (इनहेलर) जवळ ठेवा आणि पहिली १५-२० मिनिटं गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चाला, तोंडावर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ओढून घेतला तर आत जाणारी हवा थोडी तरी कोमट होते.

पायांचं मात्र सोपं आहे. दोन जोड मोजे घालून घट्ट बूट घालू नका, रक्तच पोचत नाही. एकच लोकरीचा मोजा, बोटं हलतील इतकी जागा, आणि बुटांवर कव्हर.

आता मागे पडण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला तेच जास्त खुपलेलं दिसतंय. सपाट रस्त्यावर जरा वेग आला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि वेग दुप्पट केला तर त्यासाठी आठपट ताकद लागते. थंड हवा तर दाटही असते, ० डिग्रीची हवा ३० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण १० टक्के दाट, त्यामुळे तोच माणूस त्याच सायकलवर हिवाळ्यात थोडा हळूच जातो, यात तुमचा काही दोष नाही. दुसऱ्याच्या मागे नीट लागलात तर चांगला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त कष्ट वाचतात. पण नवीन माणूस काय करतो, घाबरून पुढच्यापासून चार-पाच मीटर लांब राहतो, म्हणजे वाराही बराच जास्त खातो आणि वर अंतर भरून काढायला सारखे झटके मारतो. घाम येतो, दमतो, मग गारठतो. एका सायकलच्या लांबीइतकं अंतर ठेवून सुरुवात करा, नजर पुढच्याच्या चाकावर नाही तर त्याच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्यावर, आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका, चाकं एकमेकांना घासली तर पडतो तो मागचाच. विश्वास बसेल तसं अंतर कमी करा. दव, ओली पानं, धुकं असेल तर परत वाढवा.

याची दुसरी बाजू आम्हाला चालवता चालवता कळली. सगळ्यात मागे बसलेला माणूस कमी कष्ट करतो म्हणजे त्याचा हीटरही मंद असतो, तो तसाच गारठत जातो आणि बोलत नाही. म्हणून हिवाळ्यात आम्ही पुढे ओढायची, म्हणजे सगळ्यात पुढे राहून बाकीच्यांसाठी वारा कापायची, पाळी अगदी छोटी ठेवतो, मिनिट-दीड मिनिट, आणि सगळ्यांना देतो, जो हळू आहे त्यालाही, त्याने त्याच्या वेगाने ओढायचं, मागचे तक्रार करत नाहीत. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही, होता तोच ठेवायचा. सुरुवातीला मला वाटायचं की मी पुढे गेले तर सगळ्यांचा वेग पडेल आणि लाज वाटेल, पण पाच मिनिटांपूर्वी कुडकुडणारी मी पुढे आल्यावर गरम व्हायचे हे मला कळायला लागलं आणि मग मी पाळी मागून घ्यायला लागले.

अजून काही बारीकसारीक, आठवतील तशी. घरात २५ डिग्रीत ८० पीएसआय हवा भरली आणि बाहेर ५ डिग्री असेल तर ती आपोआप ७४ च्या आसपास येते, हे गृहीत धरूनच भरा, आणि ओल्या रस्त्यावर तसंही थोडी कमी हवाच बरी. मागचा लाल दिवा ग्रुपमध्ये लुकलुकता ठेवू नका, मागच्याचे डोळे फुटतात, मंद आणि स्थिर ठेवा, फक्त शेवटच्याने लुकलुकता ठेवायचा. खड्डा दिसला तर हात दाखवण्यापेक्षा ओरडा, अंधारात हात दिसत नाही आणि गारठलेल्या हाताने ब्रेक सोडणं धोक्याचं. पाणी प्या, थंडीत तहान लागत नाही पण घाम तर जातच असतो, बाटलीत निघताना गरम पाणी भरलं की तासाभराने पिण्याजोगं कोमट राहतं.

आणि पुढच्या राईडला निघायच्या आधी, अंधारात सगळे दिवे लावत असतात ना तेव्हाच, ग्रुपला सरळ सांगा की मागच्या वेळी मला हुडहुडी भरली होती, आज थांबलो तर मी उभा राहणार नाही, फिरत राहीन, आणि मला दोन-तीनदा छोटी पाळी द्या. मित्र आहेत तुमचे, देतील. बहुतेक त्यातला अजून एखादा म्हणेल की त्यालाही तसंच झालं होतं.