डॉक्टर मंजूर आहेत, मग दवाखान्यात का नाहीत?

ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या सरकारी आरोग्य केंद्रांवर माणसे नसण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर दोन वैद्यकीय अधिकारी आहेत. प्रत्यक्षात एकच भेटतात, तेही रोज नाही. तालुक्याला विचारले तर ‘पद रिक्त नाही’ असे सांगतात. मग मागायचे तरी काय? (ग्रामपंचायत सदस्य)

‘पद रिक्त नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा खरेच असते, त्यामुळे त्यावर वाद घालून हाती काही लागत नाही. तीन आकडे वेगवेगळे मागा : मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांपैकी आज त्याच केंद्रावर काम कोण करते. पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे रिक्त पदे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतला फरक मात्र कोणत्याच रिक्त पदांच्या अहवालात येत नाही, आणि गावाला बसणारा फटका अनेकदा तिथलाच असतो. अधिकारी प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी असतो आणि पगार तुमच्या केंद्राच्या पदावर निघतो. कोणी पदव्युत्तर शिक्षणाला गेलेले असते, कोणी दीर्घ रजेवर. कागदावर ही सगळी पदे भरलेली.

हे माहितीच्या अधिकारात मिळते. अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील किंवा तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदतीत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

अर्ज फसतो तो मजकुरामुळे. ‘डॉक्टर का येत नाहीत?’ असे विचारले तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो. व्यक्तीचे नाव घालून तिची रजा किंवा सेवापुस्तक मागितले तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो. म्हणून नाव घालूच नका, पद लिहा आणि अस्तित्वात असलेल्या कागदाचीच प्रत मागा : मागील तीन महिन्यांचा संवर्गनिहाय (पदाच्या प्रकारानुसार) रिक्त पदांचा मासिक अहवाल आणि या केंद्रावरील पदांबाबत काढलेल्या प्रतिनियुक्ती आदेशांच्या प्रती. आदेशच उपलब्ध नाही असे लेखी आले, तर प्रतिनियुक्ती तोंडी आहे हे सिद्ध झाले. ते पत्र जोडून ग्रामसभेचा ठराव करा. त्यात ‘डॉक्टर द्या’ असे मोघम लिहू नका, ‘प्रतिनियुक्ती रद्द करून मूळ पदावर पाठवा’ असे लिहा. ठराव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना.

पद खरोखर रिक्त असेल तर दार वेगळे. नियमित वैद्यकीय अधिकाऱ्यांची नेमणूक शासन स्तरावरून होते, आरोग्य सेविकांची भरती जिल्हा परिषद करते आणि कंत्राटी पदे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून भरली जातात. पदच मंजूर नसेल तर जिल्ह्यात कोणाच्याही हातात काही नसते, कारण आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदे हा आराखडा, मंत्रालयात ठरतो. चुकीच्या दारात ठेवलेले निवेदन महिनोन्‌महिने तिथेच पडून राहते, आणि लोकांना वाटते की कोणी ऐकतच नाही.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ रुजू झाल्या, तरी सिझेरियनची प्रत्येक बाई जिल्ह्यालाच पाठवतात. डॉक्टर असूनही असे का? (शिक्षिका)

कारण सिझेरियन एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे काम नाही. भूलतज्ज्ञ हवा, बाळाला सांभाळणारे प्रशिक्षित हात हवेत आणि रक्त हवे. यातले एक जरी नसले तरी बाकीचे सगळे अडून राहते. दुर्गम भागात बहुधा भूलतज्ज्ञच नसतो. रक्ताचेही तसेच. त्यासाठी मोठ्या रक्तपेढीशी जोडलेला, परवाना असलेला साठवण कक्ष लागतो. तिथले शीतकपाट २ ते ६ अंश सेल्सियसवर ठेवावे लागते, वीज गेली तरी. रक्तगट जुळवून पाहणारा तंत्रज्ञ रात्रीही लागतो. प्रसूतीनंतरचा मोठा रक्तस्राव आवरला नाही तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. रक्त दीड तासाच्या अंतरावर असेल तर जबाबदार डॉक्टर पोटावर सुरी धरणार नाही, आणि तो निर्णय बरोबरच आहे.

दुसरी अडचण साध्या हिशेबाची. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले, तरी एक जागा चोवीस तास चालवायला साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरले की चार ते पाच. परिचारिकांच्या चार जागांपैकी दोन रिकाम्या असतील तर रात्रपाळी एकट्या बाईवर येते. मग एक प्रसूती सुरू असताना दुसरी आली की तिला पुढे पाठवण्याशिवाय इलाज राहत नाही. एकाच स्त्रीरोगतज्ज्ञाकडून चोवीस तास सेवा मागणे म्हणजे ती सहा महिन्यांत राजीनामा देईल अशी व्यवस्था करणे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. तालुक्या-तालुक्याला एकेक तज्ज्ञ वाटून काही साधत नाही. दोन-तीन तालुक्यांना सोयीच्या एका उपजिल्हा रुग्णालयात दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठा एकत्र ठेवावा, आणि बाकीच्या ठिकाणांहून तिथे पोहोचण्याची वेळ कमी करावी. आपल्या तालुक्यातला तज्ज्ञ हलवायला लोकप्रतिनिधी विरोध करतात हे खरे. पण तो एकटा तिथे शस्त्रक्रिया करूच शकत नाही, हे त्यांना समजावून सांगायला हवे. तोवर दोन मार्ग आहेत : एमबीबीएस डॉक्टरांना आणीबाणीच्या भुलीचे प्रशिक्षण देणे (असा सरकारी अभ्यासक्रम आहे) आणि खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन बोलावणे. दुसरा मार्ग मानधन वेळेवर मिळते तोवरच चालतो. चार-सहा महिने बिल थकले की रात्री फोन उचलला जात नाही.

प्रश्न : पगार वाढवला तर डॉक्टर खेड्यात राहतील का? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

काही जण राहतील, पण नुसत्या पगारावर फार काळ नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित (प्रवेशावेळी लिहून दिलेली सक्तीची) सरकारी सेवा असते. त्या वर्षात बहुतेकांचे लक्ष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवर असते. वर्ष संपले की केंद्र पुन्हा रिकामे, आणि नव्या डॉक्टरला गावे, रस्ते, रुग्ण सगळे पहिल्यापासून ओळखावे लागते. त्यापेक्षा पदव्युत्तर प्रवेशाची ओढच खेड्याकडे वळवली तर उपयोग होतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तमिळनाडूच्या प्रकरणात सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला आहे. छत्तीसगडने दुर्गमतेनुसार केंद्रांची वर्गवारी करून जास्त अवघड ठिकाणाला जास्त भत्ता अशी पद्धत लावली. सरसकट भत्त्यापेक्षा ती न्याय्य आहे. आपल्याकडे गडचिरोलीतले दुर्गम भामरागड आणि जिल्ह्याच्या शहरालगतचे केंद्र एकाच तराजूत तोलून चालणार नाही.

सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे त्याच भागातल्या मुलामुलींना वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणात आणणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही हाच उपाय आहे. त्याला दहा वर्षे लागतात, म्हणून कोणत्याच सरकारला त्याची घाई नसते. तातडीने करण्याजोगे म्हणजे निवासस्थान. गळके छत आणि नळाला पाणी नसलेल्या घरात कोणी कुटुंब आणत नाही, आणि कुटुंब नाही म्हणजे शुक्रवारी दुपारी गाडी शहराकडे. निवासस्थानाची दुरुस्ती केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या (केंद्राच्या सोयी आणि खर्च पाहणाऱ्या समितीच्या) बैठकीत लावून धरता येते. बैठक कधी आहे ते विचारा, इतिवृत्त मागा.

प्रश्न : आमच्या उपकेंद्राची आरोग्य सेविका दोन उपकेंद्रे सांभाळते. आधी काय वाचवायचे? (आशा कार्यकर्ती)

निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असते. दोन सांभाळताना तिच्याकडून सगळेच होणार नाही. म्हणून काय सोडायचे नाही ते आधी ठरवा.

पहिले, लसीकरणाचे सत्र. ते रद्द होऊ देऊ नका, फार तर तारीख हलवा आणि नवी तारीख त्याच दिवशी घरोघर सांगा. इथे एक चूक नेहमी होते. गोवर-रुबेला किंवा बीसीजीची कुपी द्रव मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून ‘एकाच बाळासाठी कुपी कशाला फोडायची’ असे म्हणून त्याला परत पाठवतात. ते बाळ पुढच्या सत्राला येईलच याची खात्री नसते. उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, बाळ परत जाता कामा नये. पेंटाव्हॅलंट लसीची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली आणि नियम पाळले तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. म्हणून कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलीच पाहिजे.

दुसरे, जोखमीच्या गरोदर बायांची यादी : रक्त फार कमी असलेल्या, रक्तदाब वाढलेल्या, आधी सिझेरियन झालेल्या. सेविकेचा फिरतीचा दिवस या यादीवरून ठरवा, गावांच्या क्रमाने नको.

तिसरे तुमच्याच हातात आहे. बाळाच्या घरभेटी दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. घरभेटीच्या या कामाचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. तिथे गावातल्याच प्रशिक्षित बायांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. सेविका येईना म्हणून ३ आणि ७ या दिवसांच्या भेटी लांबवू नका. वजन, ताप, अंग गार पडणे, दूध ओढणे, श्वास या गोष्टी तुम्ही एकट्या पाहू शकता. बाळ शांत असताना एक मिनिट पूर्ण मोजा; श्वास ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, किंवा बाळाने दूध ओढणे थांबवले, तर सेविकेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

प्रश्न : व्हिडिओवरून डॉक्टर भेटतात, मग दुर्गम भागात डॉक्टर नेमायची गरज उरली का? (वाचक)

उरली. ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी लांबच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. रक्तदाब, मधुमेह, त्वचारोग, औषध पुढे चालू ठेवणे यासाठी ती उत्तम सोय आहे. रुग्णाचा फेरा आणि मजुरीचा दिवस वाचतो. मात्र सुचवलेले औषध उपकेंद्रात नसेल तर तोच फेरा पुन्हा पडतो, म्हणून औषधांचा साठा आधी पाहा.

साप चावलेल्या माणसाला पडद्यावरचा डॉक्टर पुरत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करून गाठ धरली का ते पाहायचे. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष शिरेतून सुरू करायचे, साधारण ८ ते १० कुप्यांपासून, आणि तीव्र प्रतिक्रिया आली तर लगेच देता यावे म्हणून अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन भरून शेजारी ठेवायचे. पावसाळ्यात रात्री दोन वाजता हे करायला केंद्रात माणूसच लागतो.